हद्दीवर हरवणारे संदेश : आंतरजालातील मल्टिकास्ट मार्गनिश्चिती व तिच्या दोषशोधनाचा इतिहास (१९८५ ते २०२०)

प्रस्तावना

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे झालेला विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना एका आंतरजाल-सेवेवर एकाच क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक पाहत होते, असे त्या सेवेने जाहीर केले. दृश्य एकच होते. मात्र प्रत्येक प्रेक्षकासाठी त्याची निराळी प्रत पाठविली जात होती. बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावात एका मनोऱ्याच्या कक्षेत शंभर मोबाईलवर असा सामना चालू असेल, तर एकाच चेंडूचे चित्र शंभर वेळा स्वतंत्रपणे त्या मनोऱ्यापर्यंत वाहून आणावे लागते. दवंडीवाल्याने चावडीपुढे उभे राहून एकदाच सांगण्याऐवजी घरोघरी जाऊन तेच वाक्य शंभर वेळा म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मनोऱ्याकडे येणारी वाहिनी शहरात रुंद असते, खेड्यात अरुंद असते; म्हणून या पुनरुक्तीचा भार खेड्यावर अधिक पडतो.

ही पुनरुक्ती टाळण्याचा उपाय संगणकशास्त्राला १९८५ पासून ठाऊक आहे. त्यास मल्टिकास्ट असे म्हणतात. संदेशाची एकच प्रत निघावी आणि वाटा जिथे फुटतात तिथेच तिच्या दोन प्रती व्हाव्यात, हे त्याचे तत्त्व होय. एका संस्थेच्या जाळ्यात हे तत्त्व आजही उत्तम चालते. निरनिराळ्या संस्थांची जाळी जिथे एकमेकांस मिळतात त्या हद्दीवर मात्र ते पस्तीस वर्षे अडखळत राहिले. हे अपयश सामान्यतः व्यापारी कारणांनी स्पष्ट केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्यामागे तितकेच महत्त्वाचे दुसरे कारण होते. हद्दीवर बिघाड झाला असता तो कोठे झाला हे शोधण्याचा अधिकार आणि साधन कोणा एकाच्याच हाती कधीही नव्हते. प्रस्तुत निबंधात या दोषशोधनाच्या बाजूने मल्टिकास्टचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

गट-पत्त्याची कल्पना आणि मूक बिघाड

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड चेरिटन यांच्या मार्गदर्शनाखाली स्टीव्ह डीअरिंग हे संशोधन करीत होते. अनेक संगणकांत विभागलेल्या ‘व्ही’ या कार्यप्रणालीतील यंत्रांना एकाच वेळी गटाला संदेश पाठवावा लागे. यंत्रे एकाच इथरनेट तारेवर होती तोवर हे सोपे होते. ती राउटरच्या पलीकडे गेली तेव्हा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर १९८५ मध्ये डीअरिंग व चेरिटन यांनी ‘यजमान-गट’ ही कल्पना आरएफसी ९६६ या टिपणात मांडली. आंतरजालाचे तांत्रिक नियम ज्या क्रमांकित टिपणांतून प्रसिद्ध होतात, त्या मालिकेस आरएफसी असे नाव आहे. ऑगस्ट १९८९ मधील आरएफसी १११२ ने या कल्पनेला स्थिर रूप दिले आणि १९९१ मध्ये डीअरिंग यांचा प्रबंध पूर्ण झाला.

कल्पना अशी की, २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते कोणा एका यंत्राचे नसून गटाचे असावेत. ज्याला ऐकावयाचे आहे त्याने आपल्या जवळच्या राउटरला ‘मी अमुक गटात आहे’ एवढेच कळवावे. ज्याला बोलावयाचे आहे त्याने गटाच्या पत्त्यावर संदेश सोडावा. बोलणाऱ्याला ऐकणारे किती व कोण हे ठाऊक नसते आणि ऐकणाऱ्यालाही बोलणारे आधी ठाऊक असण्याची गरज नसते. कोणीही बोलावे, कोणीही ऐकावे, अशी ही उदार व्यवस्था होती.

याच उदारतेत पुढील अडचणीचे बीज होते. साध्या व्यवहारात एका यंत्राने दुसऱ्याला पाठविलेला मजकूर पोहोचला नाही, तर पोच येत नाही आणि पाठविणारा तक्रार करतो. गट-संदेशाला पोच नसते. पाठविणारा समाधानाने पाठवीत राहतो. न मिळालेल्याला काही येणार होते हे कित्येकदा ठाऊकच नसते. आणि मधला राउटर संदेश टाकून देतो तेव्हा तो कोणालाही कळवीत नाही. मल्टिकास्टमधील बिघाड हा स्वभावतःच मूक बिघाड होय.

संदेश टाकून देण्याचा हा नियमही समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास त्याभोवती फिरतो. गट-संदेश वाटोळा फिरून पुन्हा पुन्हा वाढू नये म्हणून राउटर एक तपासणी करतो. संदेश ज्या दारातून आत आला, त्याच दारातून मूळ प्रेषकाकडे जाण्याची आपली वाट आहे काय, हे तो पाहतो. असल्यास संदेश पुढे जातो. नसल्यास तो बनावट किंवा फिरून आलेला समजून टाकला जातो. या नियमास उलट-वाटेची तपासणी म्हणता येईल. येण्याची वाट आणि जाण्याची वाट एकच असावी, अशी त्यात गृहीत धरलेली अट आहे. एका मालकाच्या जाळ्यात ती बहुधा पाळली जाते. अनेक मालकांच्या जाळ्यांत तसे घडेलच, याची हमी कोणी द्यायची?

एमबोनचा काळ

मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो येथे भरलेल्या आंतरजाल-अभियंत्यांच्या बैठकीचा आवाज तीन खंडांतील वीस ठिकाणी ऐकविण्यात आला. तेव्हाच्या बहुतेक राउटरांना गट-पत्ते समजत नसत. म्हणून कामाच्या संगणकांवरच मार्गनिश्चितीचा कार्यक्रम चालवून, गट-संदेश साध्या संदेशाच्या पाकिटात घालून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यात आले. या पाकीटबंद वाटांना टनेल म्हणजे बोगदे म्हणत आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या जाळ्याला एमबोन हे नाव पडले. व्हॅन जेकबसन, स्टीव्ह मॅककॅन इत्यादींनी तयार केलेली ध्वनी, चित्र व सामायिक फळ्याची साधने त्यावर चालत. नोव्हेंबर १९९४ मध्ये डॅलस येथील रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाचा काही भाग एमबोनवरून दाखविला गेला, तेव्हा प्रयोगशाळेबाहेरही त्याचा बोलबाला झाला.

भारतातील स्थिती या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. १९८६ मध्ये केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अर्नेट हे शैक्षणिक जाळे सुरू केले. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, हे त्याचे जगाकडे उघडणारे दार होते आणि त्याची धुरा श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होती. १९८९ मध्ये या केंद्राची अमेरिकेशी जोडलेली वाहिनी सेकंदाला ९६०० बिट एवढीच होती. पुढे १९९२ मध्ये ती ६४ किलोबिट झाली. एमबोनवर चित्रासाठी साधारण १२८ किलोबिटचा संकेत होता आणि संपूर्ण वाहतुकीसाठी ५०० किलोबिटची मर्यादा धरली जात असे. म्हणजे संपूर्ण देशाच्या शैक्षणिक वाहिनीतून एमबोनचे एक चित्रही अखंड आले नसते. ज्यांची वाहिनी अरुंद, त्यांनाच एका प्रतीत काम भागविणाऱ्या तंत्राची गरज सर्वाधिक. आणि तेच या तंत्राच्या जडणघडणीच्या काळात त्याच्या अंगणाबाहेर राहिले. हा विरोधाभास पुढेही टिकून राहिला.

एमबोनमध्ये दोषशोधन तुलनेने सोपे होते, कारण सारे जाळे एकाच सपाट पटावर होते आणि ते चालविणारे एकमेकांस ओळखत. एखाद्या राउटरला त्याचे शेजारी कोण, हे विचारणारे ‘एमआर-इन्फो’ हे साधन होते. कोणीही कोणाच्याही राउटरला ते विचारू शके. त्याहून महत्त्वाचे साधन म्हणजे बिल फेनर व स्टीव्ह कॅस्नर यांनी घडविलेले ‘एम-ट्रेस’. त्याची रीत मूळ अडचणीला धरून होती. प्रेषकाला ऐकणारे ठाऊक नसतात, तेव्हा प्रेषकाकडून सुरुवात करून शोध लागणार नाही. म्हणून शोध ऐकणाऱ्यापासून सुरू होतो. त्याच्या शेवटच्या राउटरला विचारणा जाते. तो आपली वेळ, आत येण्याचे दार, आतापर्यंत मोजलेले संदेश इत्यादी माहिती लिहून विचारणा वरच्या राउटरकडे ढकलतो. तोही आपली नोंद जोडतो. अशा रीतीने विचारणा प्रेषकाच्या अंगणापर्यंत चढत जाते आणि तेथून उत्तर परत येते. थोड्या अंतराने दोनदा विचारणा करून दोन राउटरांच्या मोजणीतील फरक पाहिला की, संदेश नेमके कोणत्या टप्प्यावर गळतात ते उघड होते. कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याने पाणी का येत नाही म्हणून चारीने वर वर चालत जावे, तशीच ही पद्धत होती.

काही बिघाड हास्यास्पद वाटावेत इतके साधे असत. गट-संदेशाला जो ‘आयुष्याचा’ आकडा दिलेला असतो, तो प्रत्येक राउटरपाशी एकाने घटतो आणि मूळ संकेतानुसार न सांगता हा आकडा एक असा धरला जातो. परिणामी कार्यक्रम लिहिणारा तो वाढविण्यास विसरला, तर संदेश आपल्याच खोलीत छान ऐकू येई आणि पहिल्याच राउटरपाशी मरे. दुसरे बिघाड एवढे निरुपद्रवी नव्हते. एखाद्या ठिकाणच्या चुकीच्या जुळणीमुळे साध्या मार्गांची हजारो नोंदींची यादीच एमबोनच्या मार्गयादीत सांडे आणि दूरदूरचे राउटर त्या भाराने कोलमडत. सपाट जाळ्यात एकाची चूक सर्वांची होई. हद्दी आखण्याची मागणी पुढे आली ती या अनुभवातून, हे विसरता येत नाही.

हद्दींचा प्रवेश

मराठवाड्याच्या वाचकाला हद्दीचे दुखणे नवे नाही. निजामाच्या राज्याची स्वतःची टपालव्यवस्था होती. १८६९ पासून तिची तिकिटे होती. पण ती राज्याच्या हद्दीतच चालत. बीडहून राज्याबाहेर, अहमदनगर किंवा पुण्याकडे, जाणाऱ्या पत्रास ब्रिटिश हिंदी टपालाचे तिकीट लागे. ही दुहेरी व्यवस्था १९५० मध्ये निजामी टपाल भारतीय टपालात विलीन होईपर्यंत होती. दोन व्यवस्था, दोन हिशेब आणि दोन तक्रार-दारे असली की मधल्या हरवण्याची जबाबदारी निश्चित करणे कठीण होते.

आंतरजालात असेच घडले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठे, संशोधन-जाळी व व्यापारी कंपन्या यांनी बोगदे सोडून आपल्या राउटरांतच मल्टिकास्टची सोय करण्यास प्रारंभ केला. त्यासाठी पीआयएमचा विरळ प्रकार सर्वत्र स्वीकारला गेला. जून १९९७ व जून १९९८ मधील टिपणांनी त्याचे नियम दिले. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये व मार्च २०१६ मध्ये ते सुधारले गेले. या पद्धतीत प्रत्येक जाळ्यात एक भेटबिंदू नेमला जातो. बोलणारे आपला आवाज प्रथम तिथे पोहोचवितात, ऐकणारे आपली मागणी तिथे नोंदवितात आणि दोघांची गाठ पडते. एका संस्थेत हे चोख चालते. दोन संस्थांत प्रश्न येतो की, भेटबिंदू कोणाच्या अंगणात असावा? आपल्या ग्राहकांचे ऐकणे-बोलणे प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर अवलंबून ठेवण्यास कोणतीही कंपनी तयार होईना.

यावर तोडगा म्हणून प्रत्येकाने आपापला भेटबिंदू ठेवावा आणि ‘आमच्याकडे अमुक जण अमुक गटात बोलत आहे’ अशी वर्दी भेटबिंदूंनी एकमेकांना द्यावी, असे ठरले. या वर्दी-व्यवस्थेचे नाव एमएसडीपी. तिच्या जोडीला, संस्था-संस्थांत मार्ग सांगणाऱ्या बीजीपी या नियमावलीचा विस्तार करून मल्टिकास्टसाठी निराळी मार्गयादी ठेवण्याची सोय फेब्रुवारी १९९८ मध्ये करण्यात आली. एमएसडीपी हा तात्पुरता टेकू आहे, असेच तेव्हा सर्व मानत. कायमच्या उपायाची, म्हणजे बीजीएमपीची, आखणीही झाली. परंतु सप्टेंबर २००४ मध्ये तिचे टिपण केवळ माहितीसाठी म्हणून प्रसिद्ध झाले आणि ती वापरात आलीच नाही. टेकू मात्र उभा राहिला. त्याचे टिपण ऑक्टोबर २००३ मध्ये निघाले, तेही ‘प्रायोगिक’ या शिक्क्यासह.

या रचनेत ‘ऐकू येत नाही’ एवढ्या एका तक्रारीचा माग काढणे म्हणजे काय, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. ऐकणाऱ्याच्या यंत्राने गटाची मागणी खरोखर केली काय? जवळच्या राउटरने ती नोंदवून भेटबिंदूकडे पाठविली काय? भेटबिंदूपाशी परक्या जाळ्यातील प्रेषकाची वर्दी पोहोचली काय? पोहोचली असल्यास, त्या प्रेषकाकडे जाणारी मल्टिकास्टची वाट मार्गयादीत आहे काय? त्या वाटेवरील हद्दीच्या दोन्ही दारांवर पीआयएम चालू आहे काय? पलीकडे, प्रेषकाच्या राउटरने त्याची नोंद तिथल्या भेटबिंदूकडे केली काय? यांतील पहिले दोन-तीन प्रश्न तक्रार करणाऱ्याच्या संस्थेत सुटतात, शेवटचे प्रेषकाच्या संस्थेत. आणि मधले बहुधा अशा तिसऱ्या संस्थेत, जिला या दोघांशी कोणतेही कर्तव्य नाही.

मधल्या बिघाडाचे एक रूप वारंवार आढळे. एखाद्या विद्यापीठाला दोन वाहिन्या असत, एक संशोधन-जाळ्याकडे जाणारी व मल्टिकास्ट जाणणारी, दुसरी व्यापारी कंपनीकडे जाणारी व न जाणणारी. साधी वाहतूक स्वस्त किंवा जवळच्या अशा व्यापारी वाटेने जाई. त्यामुळे उलट-वाटेच्या तपासणीचे बोटही त्याच दाराकडे वळे. विद्यापीठाचा राउटर मागणी त्या दारातून सोडी आणि पलीकडे ती समजणारे कोणी नसे. संकेतस्थळे उघडत, टपाल येई, साधी तपासणी सर्व ठीक सांगे; गट-संदेश तेवढा येत नसे. निराळी मार्गयादी ठेवण्याची सोय केली गेली ती नेमक्या याच कारणासाठी. परंतु आता दोन याद्या जुळत्या ठेवण्याचे नवे काम वाढले आणि त्यांच्यातील विसंगती हेच बिघाडाचे नवे स्थान झाले. प्रत्येक उपायाने जुना दोष दूर करताना दोष लपण्यास एक नवी जागा निर्माण केली, हे या संपूर्ण इतिहासाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आणखी एक चकवा कालमानाचा होता. राउटर निष्क्रिय प्रेषकाची नोंद साधारण तीन ते साडेतीन मिनिटांत पुसून टाकतात. जो प्रेषक पाच-दहा मिनिटांनी एखादाच संदेश सोडतो, त्याच्यासाठी वाट तयार होईपर्यंत तो संदेश निघून गेलेला असे आणि पुढचा येईपर्यंत वाट मोडलेली असे. कार्यक्रमांची घोषणा करणारे संदेश नेमके असेच तुरळक असत. प्रत्येक यंत्र नियमाप्रमाणे वागत असूनही संदेश कधीच पोहोचत नसे. येथे दोषी शोधून काढणार तरी कोण?

जानेवारी २००१ मध्ये वेगळेच संकट ओढवले. ‘रामेन’ नावाचा संगणक-किडा लिनक्स यंत्रांत शिरून नव्या बळींच्या शोधात हजारो पत्त्यांना ओळीने साद घालू लागला. त्या पत्त्यांत गट-पत्तेही होते. प्रत्येक नव्या गट-पत्त्यावरील साद म्हणजे भेटबिंदूच्या दृष्टीने एक नवा कार्यक्रम! त्याची वर्दी जगातील सर्व भेटबिंदूंना देणे हा तर एमएसडीपीचा धर्मच. एका बाधित यंत्रापायी हजारो खोट्या वर्द्या जगभर पसरल्या आणि राउटर गुदमरले. २५ जानेवारी २००३ च्या ‘स्लॅमर’ किड्याने तेच पुन्हा घडविले. यावर उपाय म्हणून हद्दीवर वर्द्यांना चाळण्या व मर्यादा लावण्यात आल्या. त्या आवश्यकच होत्या. पण मर्यादा ओलांडल्यावर खरी वर्दीही चाळणीत अडकते, तीही मूकपणे. आणि चाळणी कोणी, कशी लावली आहे हे पलीकडच्याला कळण्याचा मार्ग नसतो.

पाहणारा आणि पाहू देणारा

या काळात दोषशोधनाची साधने वाढली, हे मान्य केले पाहिजे. डेव्ह थेलर व बर्नार्ड अबोबा यांनी मल्टिकास्ट दोषशोधनाची एक हस्तपुस्तिका मसुद्याच्या रूपाने तयार केली. संशोधन-जाळ्यांत ‘बीकन’ ही पद्धत लोकप्रिय झाली. प्रत्येक केंद्रातील एक यंत्र सतत गटात बोलते, इतर सर्वांचे ऐकते आणि कोणाचे किती ऐकू आले ते कळविते; त्यातून एक चौकटींचा तक्ता तयार होतो. एखादी संपूर्ण आडवी ओळ कोरी दिसली की त्या केंद्राचे ऐकणे बिघडले, उभी कोरी दिसली की बोलणे बिघडले, आणि तुरळक चौकटी कोऱ्या दिसल्या की दोष मध्ये, हद्दीवर, असा ठोकताळा बसे. मूक बिघाडाला बोलते करण्याचा हा सर्वांत यशस्वी प्रयत्न होता. त्याची मर्यादाही स्पष्ट आहे. तक्ता दोष दाखवितो, दोषाचा मालक दाखवीत नाही.

एम-ट्रेसची गत अधिक बोलकी आहे. कोणीही कोणाच्याही राउटरला विचारावे, ही एमबोनमधील प्रथा व्यापारी जाळ्यांत टिकणे शक्य नव्हते. आपल्या अंतर्गत वाटा, त्यांवरील भार आणि शेजारी यांची माहिती कंपन्यांच्या दृष्टीने गोपनीय होती व ती उघड करण्यात सुरक्षेचाही धोका होता. एम-ट्रेसच्या उत्तरांत प्रत्येक राउटरने लिहावयाच्या कारणांची एक यादी आहे. चुकीचे दार, मार्ग नाही, मल्टिकास्ट नाही अशी तांत्रिक कारणे तिच्यात आहेतच. त्यांच्या शेजारीच आणखी दोन कारणे आहेत. एकाचा अर्थ, माहिती लपविलेली आहे. दुसऱ्याचा अर्थ, व्यवस्थापनाने मनाई केलेली आहे. दोषशोधनाच्या साधनातच दोष न दाखविण्याच्या हक्काला सांकेतिक क्रमांक मिळावा, यावरून हद्दींचे सामर्थ्य ध्यानात येते. चारीने वर चालत निघालेल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर थांबविण्यात आले आणि बांधापलीकडे काय आहे हे न सांगण्याचा अधिकार अधिकृत ठरला.

व्यापारी बाजूही येथेच गुंतलेली आहे. क्रिस्तोफ दियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘आयईईई नेटवर्क’ या नियतकालिकातील लेखात मल्टिकास्टच्या अल्प प्रसाराची कारणे तपासली. सभासदत्वावर नियंत्रण नसणे, पत्त्यांच्या वाटपाची सोय नसणे, सुरक्षिततेचा अभाव आणि व्यवस्थापनाच्या साधनांचा अभाव, ही त्यांतील प्रमुख होत. एक प्रत आत येऊन हजार प्रती बाहेर पडत असतील, तर हिशेब कोणाकडून किती घ्यावयाचा हे ठरत नव्हते. ज्या सेवेचा बिघाड शोधण्यात अनेक जाळ्यांच्या तज्ज्ञांचे दिवस जातात आणि जिचे देयक करता येत नाही, ती सेवा बंद ठेवणे हाच कंपन्यांना सोयीचा निर्णय वाटला. त्यांना सर्वस्वी दोष देता येणार नाही.

मुंबईतील एक प्रतिउदाहरण

एकाच हद्दीत मल्टिकास्ट किती मोलाचे ठरते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने २०१० पासून आपल्या आवारात दलालांचे संगणक ठेवण्याची सोय दिली. प्रत्येक सौद्याची क्षणोक्षणीची माहिती तेव्हा प्रत्येक जोडणीला एकामागून एक, निराळ्या प्रतीने पाठविली जात असे. ज्याची जोडणी आधी झाली त्याला प्रत आधी मिळण्याची शक्यता त्यामुळे निर्माण झाली. पुढे बाजाराने मल्टिकास्ट पद्धत स्वीकारली, जिच्यात एकच प्रत सर्वांकडे एकदमच निघते. या प्रकरणी सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या आदेशात ६२४ कोटी ८९ लाख रुपये व्याजासह भरण्यास सांगितले होते. रोखे अपील न्यायाधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये ती वसुली रद्द केली आणि योग्य दक्षता न घेतल्याबद्दल १०० कोटी रुपये भरण्याचे ठरविले. एरवी प्रयोगशाळेत राहणारा ‘एक प्रत की अनेक प्रती’ हा प्रश्न येथे न्याय्यतेचा प्रश्न म्हणून न्यायाधिकरणापुढे आला. परंतु यात बाजार, वाहिन्या व राउटर एका व्यवस्थापनाखाली होते, हे विसरता कामा नये. बिघाड झाला तर कोणाला विचारावयाचे हे तिथे निश्चित होते.

खेड्यांसाठी एकाच वेळी अनेकांना संदेश देण्याचा मार्ग भारताने प्रारंभी आकाशातून शोधला. १९७५-७६ मधील उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडण्यात आला. उपग्रहाला वाटेत हद्दी लागत नाहीत, हाच त्याचा मोठा गुण. मार्च २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान-जाळ्यास व २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेस मान्यता मिळाली आणि जमिनीवरचा मार्ग खुला झाला. लिंबागणेशसारख्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत मुंबईचे व्याख्यान जमिनीवरून न्यावयाचे तर शैक्षणिक जाळे, राष्ट्रीय वाहिनी, राज्याची यंत्रणा आणि अखेरीस एखादी खाजगी मोबाईल कंपनी अशी हद्दींची साखळी ओलांडावी लागते. एकच प्रत या साखळीतून अखंड जाण्यासाठी प्रत्येक कडीवर मल्टिकास्ट चालू असावे लागेल. एका कडीवर नसले, तरी ऐकणाऱ्याला सर्वच कड्या तुटल्यासारख्या वाटतील.

माघार

उदार व्यवस्थेतून माघार घेण्याचा मार्ग ज्यांनी ती मांडली त्यांच्यापैकीच एकाने सुचविला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. १९९९ मध्ये ह्यू होलब्रुक व चेरिटन यांनी असे मांडले की, ऐकणाऱ्याने केवळ गट न सांगता ‘अमुक प्रेषकाचा अमुक गट’ असे दोन्ही सांगावे. मग भेटबिंदू नको, वर्दी नको, वर्दीच्या चाळण्याही नकोत. मागणी थेट प्रेषकाच्या दिशेने चढत जाते. ऑक्टोबर २००२ मध्ये ऐकणाऱ्या यंत्रांसाठी आणि ऑगस्ट २००६ मध्ये जाळ्यांसाठी या पद्धतीचे नियम स्थिर झाले. दोषशोधनाच्या सहा प्रश्नांपैकी निम्मे त्यामुळे गळून पडले. उलट-वाटेची तपासणी आणि हद्दीवरील बंद दारे मात्र शिल्लक राहिली. त्यांवर फेब्रुवारी २०१५ मधील आरएफसी ७४५० ने पुन्हा बोगद्याचाच आधार घेतला. मल्टिकास्ट न जाणणाऱ्या जाळ्यातील यंत्राने जवळच्या जाणत्या जाळ्यापर्यंत आपोआप बोगदा खणावा, असा तो उपाय. १९९२ चे तंत्र तेवीस वर्षांनी वेगळ्या वेषात परत आले.

दरम्यान व्यापारी जगाने प्रश्नच बदलला. गावोगावच्या जवळपास साठवण-यंत्रे ठेवून, तिथून प्रत्येकाला स्वतंत्र प्रत देण्याची पद्धत रूढ झाली. ती महाग आहे. पण तिच्यात बिघाड झाला तर दोन्ही टोकांना कळतो आणि देयक कोणाला पाठवावयाचे हेही कळते. दोषशोधनाच्या दृष्टीने पाहता तिचा विजय अनाकलनीय नाही.

जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१३ हे टिपण प्रसिद्ध झाले. दोन जाळ्यांच्या मिलनबिंदूवरून मल्टिकास्ट नेताना कोणी काय नोंदवावे, बिघाडाची माहिती एकमेकांना कशी द्यावी आणि जबाबदारी कशी वाटावी, याचा विचार त्यात तांत्रिक बाबींच्या बरोबरीने आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम-ट्रेसची दुसरी आवृत्ती आरएफसी ८४८७ या क्रमांकाने अधिकृत झाली. मूळ साधन वापरात येऊन तेव्हा दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता. ऑगस्ट २०२० मध्ये आरएफसी ८८१५ ने, कोणीही बोलावे व कोणीही ऐकावे या मूळ पद्धतीचा भिन्न जाळ्यांमधील वापर थांबवावा आणि प्रेषक-निश्चित पद्धतच वापरावी, अशी शिफारस केली. एका जाळ्याच्या आत जुनी पद्धत चालविण्यास तिची हरकत नाही. एम-ट्रेसच्या नव्या आवृत्तीतही ‘माहिती लपविलेली आहे’ हे उत्तर आपल्या क्रमांकासह कायम ठेवण्यात आले आहे.